फुलबाग येडशीच्या मातीतली

धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीला लागूनच रामलिंग घाट अभयारण्य आहे. 1997 साली घोषित झालेलं हे पानगळीचं जंगल. या परिसरात सार्वजनिक फुलबाग करायची झाली, तर ती कशी असावी?

आपला भाग कमी पावसाचा. टँकरवर जगणारी हिरवळ आणि विलायती फुलझाडं इथं परवडत नाहीत. त्यापेक्षा फुलांचं वर्षभराचं वेळापत्रक आखावं. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर, ऐन उन्हाळ्यात बहावा आणि ताम्हण, श्रावण-भाद्रपदात तेरडा, आणि पावसाळा ओसरताना पिवळाजर्द तरवड. यांपैकी ताम्हण हे आपलं राज्यफूल. त्याला मात्र ओल लागते, म्हणून ते पाणवठ्याजवळ लावावं.

काटेसावरीच्या लाल वाटीएवढ्या फुलात मधुरस असतो. तो प्यायला मैना, कावळे, शिंजीर येतात. बहाव्याच्या पानांवर भटक्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. पानं कुरतडलेली दिसली म्हणून लगेच औषध फवारू नका. अळी गेली, तर फुलपाखरूही गेलं.

पायवाट उताराला आडवी काढावी आणि तिच्या वरच्या बाजूला चर खणावा, म्हणजे पाणी मुरतं. मोगरा, निशिगंध कमरेइतक्या ओट्यावर लावले, तर चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही वास घेता येतो. कळलावी मात्र कुंपणाआड हवी, कारण तिचा कंद विषारी असतो. झाडांच्या पाट्या मराठीत आणि मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा.

रोपं मृगाच्या पावसानंतर लावावीत. खड्डे मात्र उन्हाळ्यातच खणून ठेवा.