डब्यातली नोट आणि पिनचा आकडा
(बचत गटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा गोषवारा)



घरखर्चाचा मेळ बसत नाही, ही तक्रार आपल्या बैठकीत दर वेळी निघते. मागे एक ताई म्हणाली, "डब्यातले पैसे कमी झाले की हात आपोआप आखडायचा. आता मोबाइलवरून जातात, ते दिसतच नाहीत." अगदी खरं आहे. अमेरिकेत प्रेलेक आणि सिमेस्टर या दोघा संशोधकांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावताना, कार्डाने पैसे भरायचे होते त्यांनी रोखीवाल्यांच्या जवळपास दुप्पट बोली लावली. आपल्या आया हे प्रयोगाविनाच ओळखून होत्या!

म्हणून सांगते, पैसे आले की भाडं, किराणा, गॅस, शाळा, औषधं यांची वेगवेगळी पाकिटं करा. किराण्याचं पाकीट संपलं की कळतं, कुठे थांबायचं. क्रेडिट कार्डावर ही खूण नसते. १०,००० रुपये थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के असलं, तर ३५० रुपये नुसते व्याजाचे. 'किमान रक्कम' भरली म्हणजे दंड टळतो, व्याज टळत नाही.

पण प्रश्न एवढ्यावर संपत नाही. काटकसर करायची बाईने आणि पैशांचा निर्णय घ्यायचा पुरुषाने, ही वाटणी आपण किती दिवस चालवायची? पाकिटात किती घालायचं, हे दोघांनी बसून ठरवायला हवं. त्याच्या पानाचा, दारूचा खर्चही वहीत लिहिला गेला पाहिजे.

शिवाय रोख पैशाला धोकाही आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा बायकांनी साडीच्या घडीत, तांदळाच्या डब्यात जपलेला पैसा घरच्यांपुढे काढावा लागला. कुणाची ती माहेरी जायची, कुणाची मार चुकवून निघून जायची पुंजी होती. ती एका रात्रीत उघडी पडली.

तेव्हा खर्च रोखीत, पण बचत स्वतःच्या खात्यात ठेवा. खातं आपलं म्हणजे पिनही आपल्यालाच माहीत हवा. २०२४ साली 'लाडकी बहीण'चे १,५०० रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले, पण कार्ड नवऱ्याच्या खिशात असेल तर ते पैसे कुणाचे? बाईचा पैसा हिरावून घेणं, खर्चाला न देणं हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार आर्थिक छळ आहे. ती 'घरातली बाब' नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने दोन गोष्टी करून यायचं: महिन्याचा हिशेब वहीत लिहायचा आणि आपल्या कार्डाचा पिन बदलायचा. ज्यांना तो बदलता येत नाही, त्यांच्याबरोबर आपल्यातल्या दोघीजणी बँकेत जातील. ज्यांना तो बदलायची भीती वाटते, त्यांच्याशी आधी एकांतात बोलू.