चांद्याच्या अरण्यांतील विभक्ति

वैनगंगा ओलांडून पूर्वेकडे चालूं लागलें म्हणजे सागाचीं आणि बांबूचीं वनें जशीं दाट होत जातात, तशी माणसांची बोलीहि पालटत जाते. जुन्या चांदा जिल्ह्याचा हा पूर्वभाग 26 ऑगस्ट 1982 रोजीं गडचिरोली या नांवानें निराळा जिल्हा झाला. भाषांनीं मात्र असल्या सीमा कधींच मानलेल्या नाहींत. आरमोरीच्या बाजारांत झाडीबोली कानीं पडते, एटापल्ली-भामरागडच्या रानांत गोंडी व तिचीच बहीण माडिया, आणि खालीं प्राणहिता-गोदावरीच्या संगमाशीं, सिरोंच्याला, तेलुगू. पाणी मागणारा पुण्याचा पाहुणा 'मला' म्हणतो. आरमोरीचा शेतकरी 'मले' म्हणतो. गोंडाच्या तोंडीं 'नाकुन' येतें, सिरोंच्याच्या माणसाच्या तोंडीं 'नाकु'. ठिकठिकाणीं उच्चार थोडे बदलतात, पण काम एकच. पाणी कोणाकडे जावयाचें तें हा शब्द सांगतो. शब्दाच्या अंगावरील या खुणेलाच व्याकरणांत विभक्ति म्हणतात.

मराठी शाळांतील तक्त्यांत संस्कृताच्या वळणावर आठ विभक्ति मांडलेल्या असतात, आणि त्या पाठ करतांना प्रत्येक पिढीला एक शंका येते: द्वितीयेचा 'ला' आणि चतुर्थीचाहि 'ला', मग कोष्टकें दोन कशाला? शंका रास्त आहे. 'मला पाहिलें' आणि 'मला दिलें' यांत संस्कृताला 'माम्' व 'मह्यम्' असे दोन शब्द लागत. मराठीला एक पुरतो. गोंडीचेंहि तसेंच, 'नाकुन' दोन्हीं कामें करतें. शेजारची तेलुगू मात्र अजून भेद राखते: पाहावयाचें असेल तर 'नन्नु', द्यावयाचें असेल तर 'नाकु'. 1856 मध्यें कॉल्डवेल यांनीं द्राविड भाषांचें तुलनात्मक व्याकरण प्रसिद्ध केलें आणि गोंडीला त्या कुळांत जागा दिली. म्हणजे कुळानें ती तेलुगूची नातलग. पण या एका बाबतींत तिची चाल मराठीसारखी आहे.

इंग्रजीची कथा याहून नाट्यमय आहे. हजार वर्षांपूर्वीं ती भाषा विभक्तींनीं संस्कृतासारखीच लदलेली होती. साध्या 'दगड' या नामालाहि कर्त्याचें, संबंधाचें, देण्याचें अशीं निरनिराळीं रूपें होतीं. पुढें तीं झिजलीं. नामापाशीं एक संबंधाचा 'स' उरला. बाकीचा संसार सर्वनामांच्या पदरीं पडला. 1795 मध्यें लिंडली मरे यांनीं जें इंग्रजी व्याकरण लिहिलें त्यांत तीनच विभक्ति सांगितल्या, आणि तेथेंहि नामाची पहिली व तिसरी दिसावयास सारखीच. वाघानें माणसाला मारलें कीं माणसानें वाघाला, हें इंग्रजी नामावरून कळत नाहीं. आधीं कोण उभा आहे यावरून कळतें. मराठींत मात्र 'माणसाला वाघानें मारलें' असें उलटें म्हटलें तरी माणूस वाचत नाहीं!

जुन्या इंग्रजीचा एक अवशेष मराठी माणसाला फार जवळचा वाटावा. शेक्सपियरच्या नाटकांतून 'मीथिंक्स' हा शब्द येतो. तो 'मी विचार करतों' असा नव्हे. त्यांतील 'मी' चतुर्थीचा आहे, आणि अर्थ तंतोतंत 'मला वाटतें' असा आहे. इंग्रजीनें ही रीति पुढें टाकली. आज इंग्रज 'मी भुकेला आहें' अशा धाटणीनें बोलतो; भूक हा जणूं त्याचा पराक्रम. मराठी माणसाला भूक लागते, सिरोंच्याच्या तेलुगू माणसाला 'नाकु' म्हणूनच भूक येते. भूक, भीति, राग, आठवण या गोष्टी माणसाकडे येतात, तो त्या करीत नाहीं, ही मांडणी आर्य आणि द्राविड या दोन्ही कुळांत पसरलेली आहे. 1956 मध्यें एमेनो यांनीं भारत हें एक भाषिक क्षेत्र आहे असा सिद्धान्त मांडला. त्याच्या पुष्ट्यर्थ भाषापंडित पुढें ज्या खुणा दाखवूं लागले, त्यांत ही एक आहे.

आतां गोंधळाची गोष्ट. गडचिरोलीच्या शाळेंत मूल इंग्रजी वाक्य वाचतें, 'गिव्ह मी वॉटर'. मराठी कानाला हा 'मी' कर्ता वाटतो, आणि गुरुजी म्हणतात, नव्हे, हा 'मला'. ही केवळ उच्चाराची थट्टा नाहीं; दोन्हीं 'मी' खरोखरच दूरचे भाऊ आहेत. संस्कृतांत कर्ता 'अहम्', पण बाकीचीं रूपें म-काराचीं: माम्, मया, मम. इंग्रजीचा 'आय' हा अहम्-च्या बाजूचा आणि 'मी' माम्-च्या बाजूचा. गुजरातीनें आपला 'हुं' अहम्-पासून घेतला. मराठीनें मात्र तृतीयेच्या 'मया'पासून, प्राकृताच्या वाटेनें, 'मी' घेतला आणि त्यालाच कर्त्याच्या आसनावर बसविलें. म्हणूनच 'त्यानें आंबा खाल्ला' म्हणतांना 'नें' लागतो, पण 'मीं आंबा खाल्ला' म्हणतांना कांहींच लागत नाहीं. 'मी' मुळांतच तृतीयेचा आहे. जुन्या लेखनांत अशा वेळीं त्यावर टिंब देत आणि 'मी जातों' व 'मीं खाल्ला' हे निरनिराळे दिसत. 1962 च्या शुद्धलेखन-नियमांनीं तें टिंब काढलें. प्रस्तुत लेखनांत तें राखलें आहे. इतकी उपयोगी खूण एका फटकाऱ्यानें पुसावी, हें फारसें शहाणपणाचें झालें नाहीं. इंग्रजहि आज 'इट इज मी' असेंच सर्रास म्हणतात व व्याकरणकार त्यांना दटावतात. मराठीनें जें शतकांपूर्वीं केलें, त्याच वाटेला ती भाषा लागली आहे.

माडिया मुलापुढें मात्र याहून अवघड घाट असतो. 'नार' म्हणजे गांव, आणि प्रत्यय लागतांना त्याचें 'नाट' होतें. मराठी 'गांव' प्रत्ययापूर्वीं 'गांवा' होतो, तेव्हां हें सामान्यरूप त्याला परकें वाटत नाहीं. अडतें तें 'नें'पाशीं. द्राविड भाषांत भूतकाळींहि कर्ता प्रथमेंतच राहतो आणि क्रियापद त्याच्याच मागें चालतें. मराठींत भूतकाळ आला कीं कर्त्याला 'नें' लागतो आणि क्रियापद त्याला सोडून कर्माशीं संगनमत करतें: मुलानें भाकर खाल्ली, मुलीनें आंबा खाल्ला. माडिया मुलानें 'तो भाकर खाल्ला' असें लिहिलें तर तो अडाणी ठरत नाहीं. त्याच्या घरच्या व्याकरणाचा नियम त्यानें इमानानें पाळलेला असतो. इतकेंच काय, 'ही एट ब्रेड' या इंग्रजी वाक्याची ठेवण या ठिकाणीं मराठीपेक्षां त्याच्या मायबोलीलाच जवळची आहे! 2000 सालापासून महाराष्ट्रांत पहिलीपासून इंग्रजी आलें. म्हणजे सहा वर्षांच्या त्या मुलाला दोन परक्या भाषांच्या विभक्ति एकदमच भेटतात.

घटनेच्या 350-अ या कलमांत अल्पसंख्य भाषिक गटांतील मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठीं मातृभाषेची सोय करण्यास राज्यांना सांगितलें आहे. 2011 च्या जनगणनेंत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारें 29 लाख 84 हजार होते. हेमलकसा येथें 1973 मध्यें लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हां डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांना आधीं माडिया शिकावी लागली. दुखतें कोठें, हें रोग्याला मराठींत सांगतां येत नव्हतें. 1976 मध्यें तेथें शाळा निघाली. फळ्याजवळ उभ्या असलेल्या गुरुजींना 'नाकुन' हा शब्द ठाऊक असला, तर 'मला' आणि इंग्रजी 'मी' हे दोन्ही एकाच खडूच्या रेघेनें त्याच्याशेजारीं लिहितां येतात.