मेम्फिसच्या पाट्या

(वस्तीतल्या युवक अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलं आहे.)

दोस्तांनो,

आपल्यातला कुणी परदेशी जाऊन आला की दोन गोष्टी हमखास सांगतो. रस्ते किती गुळगुळीत आणि लोक किती शिस्तीचे. ऐकणारा बिचारा दारातल्या गटाराकडं बघून मान खाली घालतो. मी तसलं काही सांगायला उभा राहिलेलो नाही. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठावर मेम्फिस नावाचं शहर आहे. तिथं मला एक पुरा दिवस मोकळा मिळाला. जुन्या शहराच्या मधल्या भागाला तिथं डाऊनटाऊन म्हणतात. त्या भागात मी दिवसभर पायी हिंडलो आणि पाट्या वाचल्या. दगडावरच्या, पितळेच्या, भिंतीवरच्या. कुणाचं नाव लिहिलंय, कुणाचं गाळलंय, गाळलेलं परत लिहायला किती वर्षं लागली, हे वहीत टिपत गेलो.

मेम्फिसच का? १९६८ साली या शहरात सफाई कामगारांनी संप केला होता. त्या संपाला पाठिंबा द्यायला आलेला मार्टिन ल्यूथर किंग इथंच गोळी खाऊन पडला. किंग म्हटलं की आपल्या मास्तरांना त्याचं स्वप्नाचं भाषण आठवतं. तो कचरा उचलणाऱ्यांच्या लढ्यात असताना मारला गेला, हे मला तरी शाळेत कुणी सांगितलं नाही.

नदीपासून सुरू करतो. काठ उंच आहे, खाली दगड बसवलेला जुना धक्का. वाफेच्या बोटी इथं लागायच्या, कापसाच्या गासड्या चढायच्या. जमीन चिकसॉ आदिवासींची. १८१८ साली ती तहानं काढून घेतली आणि १८१९ साली तीन जमीनमालकांनी शहर आखलं. त्यातला एक अँड्र्यू जॅक्सन, पुढं राष्ट्राध्यक्ष झाला. नाव ठेवलं नाईलकाठच्या मेम्फिसचं. ज्याची जमीन घेतली त्याचं नाव कशाला ठेवतील? एवढ्यावर भागलं नाही म्हणून १९९१ साली नदीकाठी काचेपोलादाचा पिरॅमिडही उभा केला. २०१५ पासून त्यात शिकारीचं आणि मासे पकडायचं सामान विकतात. फॅरोनं बघितलं असतं तर कबरीतून उठून गेला असता.

धक्क्याच्या वर फ्रंट स्ट्रीट. कापसाच्या दलालांची गल्ली. युनियन अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर १९२५ साली बांधलेली कॉटन एक्स्चेंजची इमारत आहे. भाव ठरवायचा तो हॉल गोऱ्या पुरुष सभासदांचा होता. आता तिथं कापसाचं संग्रहालय आहे. त्या हॉलमध्ये उभं राहिलो तेव्हा मला वऱ्हाड आठवला. १८६१ ते १८६५ गुलामीवरून अमेरिकेत यादवी झाली, दक्षिणेचा कापूस अडकला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी मुंबईकडं तोंड वळवलं. मुंबईचे शेटजी गबर झाले. युद्ध थांबलं, भाव कोसळला, शेतकरी कर्जात गेला. मेम्फिसच्या गुलामाच्या पाठीवरचा वळ आणि वऱ्हाडातल्या कुणब्या-महाराच्या पोटाची खळगी एकाच तराजूत तोलली जात होती. तराजू लिव्हरपूलला होता.

जवळच ॲडम्स अव्हेन्यूवर नॅथन बेडफर्ड फॉरेस्टची जागा आहे. हा इसम १८५० च्या दशकात इथं माणसं विकायचा. पुढं यादवीत दक्षिणेचा सेनापती झाला आणि नंतर कू क्लक्स क्लानचा पहिला मुख्य. १९५५ साली इथं सरकारी पाटी लागली. तीवर लिहिलं की फॉरेस्टचं घर इथं होतं आणि धंद्यात तो श्रीमंत झाला. धंदा कसला, ते लिहिलं नाही! बायामाणसं, लेकरं विकून श्रीमंत झाला, हे सांगणारी दुसरी पाटी ४ एप्रिल २०१८ ला लागली. ६३ वर्षं तो शब्द घशात अडकून होता.

त्याचा घोड्यावरचा पुतळा जरा लांबच्या बागेत १९०५ साली बसवला. जेफरसन डेव्हिस, म्हणजे गुलामीवाल्या दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष, त्याचा पुतळा नदीकाठच्या बागेत बसवला १९६४ साली. तारीख नीट ऐका. त्याच वर्षी अमेरिकेनं नागरी हक्कांचा कायदा केला. कायदा हक्क देतो त्याच वर्षी गाव पुतळा बसवून सांगतं, मालक कोण ते विसरू नका. आपल्याला हे नवं नाही. हे पुतळे काढायला राज्याचा कायदा आडवा येत होता. मग शहरानं २० डिसेंबर २०१७ ला दोन्ही बागा प्रत्येकी १,००० डॉलरला एका खाजगी संस्थेला विकल्या आणि त्याच रात्री दोन्ही पुतळे क्रेननं उचलले गेले. नावासाठी माणूस जीव कसा टाकतो ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरात १९७८ पासून १९९४ पर्यंत आपण बघितलंय. त्यामुळं तिथल्या लोकांचा पुतळ्यांवरचा राग मला कुणी समजावून द्यावा लागला नाही.

वाटेत पीबॉडी नावाचं जुनं हॉटेल लागतं. तिथं रोज सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला बदकं लाल गालिच्यावरून चालतात. लोक दुतर्फा उभे राहून टाळ्या पिटतात. मी पण बघितलं, खोटं कशाला बोलू. ज्या दक्षिणेत काळ्या माणसाला बड्या हॉटेलात खोली मिळत नव्हती त्याच काळात ही बदकांची चाल सुरू झाली.

मग बील स्ट्रीट. इथं संध्याकाळी दारू, दिवे, गाणं. ब्लूज या गाण्याचं घर म्हणून जगात नाव. डब्ल्यू. सी. हँडीचा पुतळा आहे. पण या रस्त्याचा पाया १८६६ च्या राखेवर आहे. गुलामी संपून वर्ष झालं नव्हतं तोच १ ते ३ मे १८६६ ला गोऱ्या जमावानं, त्यात पोलीसही होते, काळ्या वस्तीवर हल्ला केला. ४६ काळी माणसं मारली. ९१ घरं, १२ शाळा, ४ चर्चेस जाळली. शाळा का जाळल्या ते तुम्हाला सांगायला नको. त्या दंगलीत गोळी लागूनही वाचलेला रॉबर्ट चर्च, जन्मानं गुलाम, पुढं या रस्त्यावरचा बडा मालमत्तावाला झाला. काळ्यांना शहराच्या बागेत जागा नाही म्हणून त्यानं १८९९ साली स्वतःची बाग आणि सभागृह बांधलं. ती बाग अजून आहे.

शेजारी मुक्त झालेल्या गुलामांनी बांधलेलं बील स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च. इथून 'फ्री स्पीच' नावाचं पत्र निघायचं. संपादक आयडा बी. वेल्स. १८६२ साली गुलामीत जन्मलेली बाई. मार्च १८९२ मध्ये तिच्या ओळखीच्या तीन काळ्या दुकानदारांना तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घातल्या. थॉमस मॉस, कॅल्विन मॅक्डॉवेल, विल स्टुअर्ट. गुन्हा एवढाच की त्यांचं किराणा दुकान गोऱ्याच्या दुकानापुढं जास्त चालत होतं. वेल्सनं हे छापलं. लोकांना सांगितलं, हे शहर सोडा, यांच्या ट्रामला पैसे देऊ नका. मे महिन्यात जमावानं छापखाना फोडला. ती बाहेरगावी होती म्हणून वाचली. तिचा पुतळा या रस्त्यावर उभा राहिला जुलै २०२१ मध्ये. आपण चार पानांचं अनियतकालिक काढतो आणि प्रेसवाला उधारी मागतो म्हणून रडतो. त्या बाईला आठवा.

आजचा बील स्ट्रीट मात्र मला खटकला. १९६८ नंतर शहर सुधारणेच्या नावाखाली आजूबाजूची काळी वस्ती बुलडोझरनं साफ केली. माणसं हलवली, मग १९८३ साली रस्ता परत उघडला, पर्यटकांसाठी. गाणं ठेवलं, गाणाऱ्याचं घर पाडलं.

रस्ता सोडून दक्षिणेला वळलं की क्लेबोर्न टेंपल. इथून संपाचे मोर्चे निघायचे. आता संपाचंच सांगतो.

मेम्फिसचे कचरा कामगार जवळजवळ सगळे काळे. मागच्या अंगणातून कचऱ्याचं टोपलं डोक्या-खांद्यावर घेऊन यायचं. टोपल्याला भोकं. घाण पाणी मानेवरून सदऱ्यात उतरायचं. पगार एवढा की कित्येकांना काम करूनही सरकारी मदतीवर जगावं लागे. म्हाताऱ्यालाही हाक 'ए पोऱ्या'. पाऊस आला तर गोऱ्या वस्तीत आडोशाला थांबायचं नाही, गाडीतच कचऱ्यात बसायचं. १ फेब्रुवारी १९६८ ला पावसात दोघं असेच मागं बसले. कचरा दाबायचं यंत्र आपोआप सुरू झालं आणि दोघांना आत ओढून चिरडलं. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर. घरच्यांना शहरानं एक महिन्याचा पगार आणि अंत्यविधीला ५०० डॉलर दिले. त्याच सुमाराला पावसाचं कारण सांगून २२ काळ्या ड्रेनेज कामगारांना नाममात्र मजुरीवर घरी पाठवलं होतं, गोऱ्या मुकादमांचा पगार चालू ठेवून.

१२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगार कामावर आले नाहीत. महापौर हेन्री लोब म्हणाला, संप बेकायदेशीर आहे. मेन स्ट्रीटवर पोलिसांनी तोंडावर तिखट वायू फवारला. काळ्या वस्तीनं उत्तर दिलं: डाऊनटाऊनच्या दुकानात पाय ठेवायचा नाही, इथली वर्तमानपत्रं घ्यायची नाहीत. २८ मार्चला किंगच्या मोर्चात काचा फुटल्या, पोलीस तुटून पडले, सोळा वर्षांचा लॅरी पेन पोलिसाच्या गोळीनं मेला. या मोर्चांत कामगारांच्या छातीवर फलक होते. मजकूर चार शब्दांचा, मराठीत तीनच होतात: मी माणूस आहे. पगार, रजा, युनियन, सगळ्या मागण्या त्या तीन शब्दांत बसल्या.

एक गोष्ट जाता जाता. या फलकांचा जगभर गाजलेला फोटो काढला अर्नेस्ट विदर्स या काळ्या फोटोग्राफरनं. तो एफबीआयचा खबऱ्या होता, हे २०१० साली उघड झालं. 'इन्व्हेडर्स' नावाच्या तिथल्या जहाल पोरांच्या गटातही पोलिसाचा माणूस पेरलेला होता. तेव्हा आपल्या बैठकीत सर्वांत मोठ्यानं ओरडणाऱ्याकडं जरा निरखून बघत जा!

क्लेबोर्न टेंपलशेजारी २०१८ साली संपकऱ्यांची नावं भिंतीवर कोरली. खुद्द टेंपल २८ एप्रिल २०२५ ला जळालं, आणि आग कुणीतरी लावली असं तपासात निघालं.

तिथून चालत लॉरेन मोटेल. खोली ३०६, बाहेर बाल्कनी, कठड्याला पुष्पचक्र. ४ एप्रिल १९६८, संध्याकाळी सहा वाजून एक मिनिट. समोरच्या खानावळ-लॉजमधून जेम्स अर्ल रेनं गोळी झाडली. १६ एप्रिलला शहरानं युनियन मान्य केली आणि ताशी काही सेंटची वाढ दिली. १९९१ साली मोटेलचं संग्रहालय झालं. आत कचऱ्याची गाडी ठेवली आहे, माणसं तिच्याजवळ फोटो काढतात. इथं गरीब भाडेकरू राहायचे, त्यांना १९८८ साली बाहेर काढलं. शेवटची बाई समोरच्या फुटपाथवर वर्षानुवर्षं धरणं धरून बसली. तिचं म्हणणं, किंगचं स्मारक करायचं तर इथं गरिबाला घर द्या. मला संग्रहालय आवडलं, दोस्तांनो, दोनदा डोळे पुसले. पण त्या बाईला द्यायला माझ्याकडं उत्तर नाही. आणि संपकऱ्यांना म्हातारपणी धड पेन्शन नव्हतं. हयात असलेल्यांना ५० हजार डॉलरचं अनुदान शहरानं जाहीर केलं २०१७ साली. तोवर बहुतेक गेले होते.

ऊन उतरल्यावर नदीकाठच्या टॉम ली पार्कमध्ये बसलो. टॉम ली हा नदीवरचा काळा मजूर. ८ मे १९२५ ला एक बोट उलटली. त्यानं आपल्या छोट्या होडीतून ३२ माणसं वाचवली. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं. राष्ट्राध्यक्ष कूलिजनं त्याला बोलावून हात मिळवला. १९५४ साली स्तंभ उभारला आणि त्यावर कोरलं की हा फार लायक निग्रो होता. माणूस लिहायला लेखणी धजली नाही. आणि शहरानं बक्षीस म्हणून त्याला नोकरी कसली दिली असेल? कचरा खात्यात. बत्तीस जीव वाचवले, घे टोपलं. चौदा वर्षांनी, १९६८ साली, त्याच खात्यातले लोक 'मी माणूस आहे' असा फलक छातीला लावून निघाले.

आता आपलं. किंग १९५९ साली भारतात आला तेव्हा केरळातल्या एका शाळेत त्याची ओळख 'अमेरिकेतला अस्पृश्य' अशी करून दिली. आधी त्याला लागलं, मग पटलं, असं त्यानंच पुढं सांगितलं. आपल्या आधीच्या पोरांनी १९७२ साली मुंबईत पँथर हे नाव तिकडच्या काळ्या पोरांकडूनच घेतलं. नाव घेतलं, तसं त्यांच्याकडून कामही घेऊ. एकोल कोल, रॉबर्ट वॉकर ही नावं मला सातासमुद्रापलीकडं वाचायला मिळतात. आपल्या शहरातल्या मेनहोलमध्ये, सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मेलेल्यांची नावं कुठल्या भिंतीवर आहेत? पेपरात येतं, 'दोन कामगारांचा मृत्यू'. हातानं मैला काढायला बंदीचा कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली सांगितलं, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी दहा लाख द्या. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. पण नावच नसेल तर पैसे कुणाच्या दारात जाणार? ठेकेदार म्हणतो आमचा नव्हता, पालिका म्हणते ठेकेदाराचा होता.

म्हणून येत्या रविवारी सकाळी आठला नाक्यावर जमायचं. चार-चार जणांच्या टोळ्या. कामगार चाळीत, कचरा डेपोवर, मसणवट्यात जायचं. नाव, वय, बापाचं नाव, कुठल्या मेनहोलमध्ये, कुठल्या साली, ठेकेदार कोण, बायको-पोरं कुठं आहेत, काही मिळालं का. मेलेल्याची आई जिवंत असेल तर आधी तिच्याशी बोला, वही नंतर काढा. पुढचा अंक त्या यादीचा असेल, दुसरं काही त्यात छापायचं नाही. वर्गणी राहिलीय त्यांनी जाताना द्या.

जय भीम.