यंत्राची आज्ञावली आणि आज्ञावलीकाराची चिंता

छत्रपति संभाजीनगरच्या छावणीपलीकडे निघालेला रस्ता पडेगांव आणि मिटमिटा या वस्त्या ओलांडून दौलताबादच्या किल्ल्याकडे जातो. वेरूळचीं लेणीं पाहावयास निघालेले प्रवासी याच वाटेनें जातात आणि पडेगांव मागें पडण्यापूर्वींच त्यांची दृष्टि देवगिरीच्या डोंगराकडे लागलेली असते. या वस्तींतील घरांत काय बोलणें चाललें आहे, हें त्यांना कळण्याचा संभव नाहीं. परंतु ज्या घरांतील मुलगा अगर मुलगी संगणकशास्त्राचें शिक्षण घेत आहे, त्या घरांत अलीकडे एक प्रश्न पुन्हां पुन्हां निघतो. रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं वडील विचारतात, "यंत्रच जर आज्ञावली लिहूं लागलें, तर मग तूं लिहावयाचें तें काय?" मुलाजवळ याचें उत्तर नसतें, आणि खरें सांगावयाचें तर त्याच्या अध्यापकांजवळही तें पुरतें नसतें.

प्रश्न नीट समजण्यासाठीं प्रथम त्याचें मूळ पाहिलें पाहिजे. संगणक स्वतः होऊन कांहींच करीत नाहीं. काय करावयाचें, कोणत्या क्रमानें करावयाचें, मध्येंच अडचण आली तर कोणता मार्ग धरावयाचा, हें सारें त्याला आधीं लिहून द्यावें लागतें. अशा लिखित आज्ञांची मालिका म्हणजे आज्ञावली आणि ती लिहिणारा तो आज्ञावलीकार. व्यवहारांत त्यालाच सॉफ्टवेअर अभियंता म्हणतात. हें काम बुद्धीचें आणि चिकाटीचें असल्यामुळें तें यंत्राच्या हातीं कधीं जाणार नाहीं, असा पुष्कळांचा समज होता. २०२१ सालीं गिटहब कोपायलट नांवाचें साधन पुढें आलें. अभियंत्यानें अर्धी ओळ लिहिली कीं उरलेली ओळ तें सुचवीत असे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅटजीपीटी सर्वांसाठीं खुलें झालें आणि साध्या बोलींत सांगितलेलें काम यंत्र आज्ञावलीच्या रूपानें लिहून देऊं लागलें. यांत चमत्कार नाहीं. अफाट लिखाण यंत्रापुढें घालून, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणें संभवनीय आहे, याचा अंदाज बांधावयास त्याला शिकविलेलें असतें. त्या लिखाणांत जगभरच्या अभियंत्यांनीं लिहून खुल्या ठेवलेल्या आज्ञावल्याही होत्या. म्हणजे ज्यांच्या लेखनावर यंत्र शिकलें, त्यांच्याच पोटावर तें आतां उठलें, अशी कित्येकांची तक्रार आहे आणि ती सर्वस्वीं निराधार नाहीं.

जुलै २०२५ मध्यें टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीनें आपल्या नोकरवर्गापैकीं सुमारें दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसें कमी करण्याचें जाहीर केलें, तेव्हां ही चिंता घरोघर पोंचली. हें यंत्रामुळें घडत नसून माणसांचें कौशल्य व कामाची गरज यांचा मेळ बसत नसल्यामुळें घडत आहे, असें कंपनीच्या प्रमुखांनीं सांगितलें. पुण्यांतील अभियंत्यांच्या एका संघटनेनें केंद्रीय श्रममंत्रालयाकडे दाद मागितली. कारण कोणतेंही असो, १९६८ सालीं मुंबईंत निघालेली आणि पिढ्यान् पिढ्या सुरक्षित समजली गेलेली ही संस्था असें करूं शकते, एवढेंच मराठवाड्यांतील मध्यमवर्गानें त्यांतून ध्यानीं घेतलें.

परंतु कारागीर आणि यंत्र यांचा हा कांहीं पहिलाच सामना नव्हे. खुद्द या शहरानें तो एकदां पाहिलेला आहे. येथील हिमरू प्रसिद्ध आहे. जुन्या मागावर हिमरू विणतांना एकटा विणकर पुरा पडत नसे. नक्षीप्रमाणें ताण्याचे नेमके दोरे उचलून धरण्यासाठीं दुसरा माणूस, बहुधा एखादा पोऱ्या, लागत असे. फ्रान्समधील लियों शहरीं १८०४ च्या सुमारास जॅकार्ड यानें एक युक्ति सिद्ध केली. जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोंकें पाडून ते मागावर चढवावयाचे. जेथें भोंक असेल तेथील दोरा उचलला जाईल, नसेल तेथील खालींच राहील. ही युक्ति कालांतरानें हिमरूच्या मागावरही आली आणि दोरे उचलणाऱ्या पोऱ्याचें काम संपलें. विणकर राहिला. नक्षी काढणारा तर अधिकच महत्त्वाचा झाला. परंतु त्या पोऱ्याचें काय झालें, हें कोणत्याही इतिहासांत लिहिलेलें नाहीं.

या हकीकतीला एक विलक्षण पुरवणी आहे. जॅकार्डचे तेच पत्ते इंग्लंडांत बॅबेज यानें आपल्या नियोजित गणनयंत्रासाठीं योजिले. अमेरिकेच्या १८९० च्या शिरगणतींत हॉलरिथ यानें भोंकें पाडलेल्या पत्त्यांवरूनच माणसें मोजलीं. पुढें संगणक निघाला तेव्हां कित्येक वर्षें आज्ञावली अशाच पत्त्यांवर उमटवून यंत्राला देत असत. म्हणजे आजचा आज्ञावलीकार हा ज्या वंशांत जन्मला, त्या वंशाचा मूळ पुरुष मागावरील पोऱ्याची नोकरी घालवूनच मोठा झालेला आहे.

खुद्द आज्ञावलीकारांवरही अशी वेळ पूर्वीं आलेली आहे. १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत यंत्राला त्याच्या आकड्यांच्या भाषेंतच आज्ञा द्याव्या लागत. हें ज्ञान थोड्यांच्या हातीं होतें. १९५२ च्या सुमारास ग्रेस हॉपर या विदुषीनें, माणसाच्या सोयीच्या खुणा यंत्रानेंच आकड्यांत उतरवाव्या, अशी कल्पना प्रत्यक्षांत आणली, तेव्हां यंत्रानें आज्ञावली रचणें शक्य आहे यावर लोक विश्वास ठेवीनात. १९५७ सालीं जॉन बॅकस आणि त्याचे सहकारी यांनीं फोरट्रान भाषा पुढें आणली, तेव्हांही जुने जाणकार साशंकच होते. त्या काळचे आज्ञावलीकार स्वतःला गूढ विद्येचे पुरोहित समजत, असें पुढें बॅकस यानेंच लिहून ठेविलें आहे. शेवटीं झालें काय? आज्ञावली लिहिणें सोपें होतांच तिची मागणी वाढली आणि आज्ञावलीकारांची संख्या घटण्याऐवजीं शेंकडों पटींनीं वाढली. आजचे आशावादी या उदाहरणाचा आधार घेतात, व तो घेण्याजोगाही आहे. मात्र एक भेद विसरतां कामा नये. फोरट्रान भाषेंत काय मागावयाचें हें माणूस नेमकें लिहीत असे आणि यंत्र तें तंतोतंत उतरवीत असे. आजचें यंत्र मोघम मागणीवरून स्वतः अंदाज करतें; आणि अंदाज म्हटला कीं तो चुकण्याचा संभव आला.

आपल्या देशाची हकीकतही बोधप्रद आहे. १९६० नंतरच्या दशकांत आयुर्विमा महामंडळानें संगणक आणण्याचें ठरविलें, तेव्हां कारकुनांच्या संघटनांनीं कडवा विरोध केला. कलकत्त्यास तर यंत्र कचेरींत येऊं नये म्हणून कर्मचारी पहारा देत राहिले. बँकांतही तोच झगडा झाला. अखेर किती व कोणतीं यंत्रें आणावयाचीं याविषयीं बँका आणि संघटना यांच्यांत १९८३ सालीं करार झाला, व पुढील वर्षीं रंगराजन समितीनें बँकांच्या संगणकीकरणाची दिशा आंखून दिली. याच सुमारास पुण्यांत १९८१ सालीं इन्फोसिसचा जन्म झाला. १९८८ सालीं तेथेंच सी-डॅक स्थापन होऊन डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ मध्यें परम हा महासंगणक तयार झाला. ज्या कारकुनांनीं संगणकाला विरोध केला, त्यांच्याच मुलांना संगणकानें अन्न दिलें. तेव्हां कोणी त्या कारकुनांना अडाणी म्हणून हिणवीत. आज तीच भीति त्यांच्या शिकलेल्या मुलांनातवंडांच्या दारीं आली असतां, ती भीति अडाणीपणाची नव्हती हें मान्य करण्यास हरकत नसावी. त्यांनीं भांडून निदान यंत्र कोणत्या वेगानें यावें, यांत आपला शब्द चालविला. आजच्या अभियंत्याजवळ तसा करार नाहीं आणि बहुतेकांजवळ संघटनाही नाहीं.

आतां अभियंते या नव्या साधनाकडे कसे पाहतात? त्यांत तीन पंथ दिसतात. पहिला भक्तांचा. फेब्रुवारी २०२५ मध्यें आंद्रेय कार्पाथी या प्रसिद्ध संशोधकानें 'वाइब कोडिंग' असा शब्द काढला; लिहिलेली आज्ञावली न वाचतां यंत्राच्या भरंवशावर काम पुढें रेटावयाचें, असा त्याचा भाव. दुसरा पंथ तिरस्कार करणारांचा. त्यांच्या मतें यंत्रानें लिहिलेलें सारेंच कच्चें. तिसरा आणि सर्वांत मोठा पंथ वापरणारांचा, पण विश्वास न टाकणारांचा. स्टॅक ओव्हरफ्लो या संस्थेनें २०२५ मध्यें जगभरच्या अभियंत्यांची जी पाहणी केली, तींत ८४ टक्के लोक हीं साधनें वापरतात किंवा वापरणार आहेत असें आढळलें. परंतु त्यांच्या उत्तरांच्या अचूकपणावर अविश्वास दाखविणारे ४६ टक्के निघाले.

त्याच वर्षीं मेटर या अमेरिकन संस्थेनें एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा अनुभवी अभियंत्यांना, त्यांच्या परिचयाच्या मोठ्या आज्ञावल्यांत, कांहीं कामें यंत्राच्या साहाय्यानें व कांहीं त्याशिवाय करावयास दिलीं. यंत्राच्या साहाय्यानें कामाला १९ टक्के अधिक वेळ लागला. आणि गंमत अशी कीं, आपलें काम २० टक्के लवकर झालें असें त्या अभियंत्यांना शेवटपर्यंत वाटत होतें. प्रयोग लहान होता व साधनें सुधारत आहेत, म्हणून त्यावरून कायमचा सिद्धान्त काढूं नये. तरीपण वेग वाटणें आणि वेग असणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें त्यांतून पुरतें कळतें.

हें सारें पडेगांवच्या त्या घरापर्यंत आणून पाहूं गेल्यास काय दिसतें? समजा, त्या घरांतील मुलानें गांवाकडील एखाद्या दूधसंस्थेसाठीं हिशेबाची आज्ञावली यंत्राकडून लिहवून घेतली. सभासदाचें नांव, तारीख, दुधाचें माप, फॅटचें प्रमाण आणि दर; दोन मिनिटांत सारें तयार झालें. नमुन्याचे आंकडे घातले, बेरीज जुळली. पुढें संस्थेवर ती चालूं लागली आणि पहिल्याच आठवड्यांत सभासद भांडत आले. प्रत्येकाचें निम्मेंच दूध जमा दिसत होतें. कारण काय? दूध सकाळीं आणि संध्याकाळीं असें दोनदां घातलें जातें. यंत्रानें एका तारखेला एकच नोंद धरली होती, म्हणून सायंकाळची नोंद सकाळची नोंद पुसून टाकीत होती. यंत्राला कोणी सांगितलें नव्हतें, आणि त्यानें विचारलेंही नव्हतें. ज्या मुलाच्या आजोबांनीं जन्मभर दोन वेळां धारा काढल्या, त्यालाही तें सांगण्याचें सुचलें नाहीं, कारण आज्ञावली वाचून पाहण्याची त्याला गरजच वाटली नव्हती.

आज्ञावलीकाराचें खरें काम कोठें आहे, तें या साध्या उदाहरणांत दिसतें. ओळी लिहिणें हा त्या कामाचा एक भाग. काय हवें आहे तें खोदून विचारणें, लिहिलेलें वाचून त्यांतील दोष ओळखणें आणि चूक झाल्यास ती आपली म्हणून पत्करणें, हा दुसरा. पहिला भाग स्वस्त होत चालला आहे. दुसरा तितकाच महाग आहे. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांत, शहराच्या पाणीपुरवठ्यांत, मराठवाड्यांतील शेतींत अशीं हजारों कामें पडलीं आहेत, कीं ज्यांची माहिती कोणत्याही यंत्राच्या वाचनांत आलेली नाहीं. ती माहिती जवळ असलेला तरुण पुण्याच्या हिंजवडींतील स्पर्धेंतही रिकाम्या हातानें उभा राहणार नाहीं.

परंतु एवढ्यानें चिंता संपली असें म्हणणें ही फसवणूक होईल. वाचण्याचें आणि दोष ओळखण्याचें कसब जन्मतः येत नाहीं. तें वर्षानुवर्षें लहानसहान ओळी लिहून, चुकून आणि वडीलधाऱ्या सहकाऱ्यांचें बोलणें खाऊन येतें. आतांपर्यंत कंपन्या नवशिक्यांना घेत, त्यांना हीं किरकोळ कामें देत आणि त्यांतूनच पुढचे जाणते तयार होत. तींच कामें आज यंत्राकडे चाललीं आहेत. मागावर दोरे उचलतां उचलतां जो पोऱ्या विणकामही पाहून घेत असे, त्याला काढून टाकल्यावर पुढील पिढीचा विणकर कोठून यावयाचा? हा प्रश्न पडेगांवच्या बापानें मुलाला विचारून सुटणारा नाहीं. तो ज्यांच्या हातीं कंपन्या आणि महाविद्यालयें आहेत, त्यांनीं स्वतःला विचारावयाचा आहे. यंत्रामुळें जो पैसा वांचतो, त्यांतील कांहीं भाग नवशिक्यांना उमेदवारींत ठेवून घडविण्याकडे लावणें हें दानधर्माचें कृत्य नव्हे. बीबियाणें राखून ठेवण्याचा तो प्रकार आहे. सारें धान्य विकून टाकणाऱ्या शेतकऱ्याला पुढील मृगांत काय करावें लागतें, हें मराठवाड्याला निराळें सांगावयास नको.

पडेगांवावरून जाणारा रस्ता ज्या किल्ल्याकडे जातो, तेथें १३२७ सालीं महंमद तुघलकानें राजधानी आणण्याचा हुकूम काढला होता. कल्पना मोठी होती आणि तिच्यामागें विचारही होता. हुकूम निघावयास एक दिवस पुरला; परंतु माणसें हलतांना त्यांचे जे हाल झाले, ते मात्र अद्याप लोकांच्या स्मरणांत आहेत, आणि कांहीं वर्षांनीं दरबार दिल्लीस परत गेला तो गेलाच. नवें युग आणणारांनीं या रस्त्यानें जातांना घटकाभर पडेगांवास थांबावें, आणि जेवणानंतर त्या घरांत निघणारा प्रश्न ऐकून मग पुढें जावें.