ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डची वायरिंग

ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डला वीज मिळते 12 व्होल्टच्या बॅटरीतून. परतीची वाट मात्र वायरची नसते. ती लोखंडी सांगाड्यातून, म्हणजे अर्थिंगमधून जाते. गळीत हंगामात रेठरे बुद्रुक किंवा यशवंतनगरच्या कारखान्याकडे ऊस ओढताना धूळ, हादरे आणि दव यांच्या माऱ्यात अर्थिंगचा सांधा सैल होतो, गंजतो. सगळे काटे एकदम थांबले किंवा दिवे मिणमिणू लागले, तर महागडा मीटर बदलण्याआधी अर्थिंगचा बोल्ट पॉलिशपेपरने घासून आवळावा. एकच दिवा गेला असेल तर बल्ब पाहावा. कामापूर्वी बॅटरीची ऋण वायर आधी सोडवतात. मग पाना सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज बसवावा. चांदीच्या कागदाचा जुगाड अख्खी वायरिंग जाळतो.