चेहऱ्यावरच्या रेषा आणि आपण
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी सांगितलं होतं, की प्रत्येकाने आपापल्या क्षेत्रातलं काहीतरी उपयोगाचं बोलावं. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. त्यावर बोलले तर जेवणाआधीच निम्मा मंडप रिकामा होईल. म्हणून मैत्रिणींच्या ग्रुपवर मेळाव्याची तारीख ठरल्यापासून ज्या विषयावर सगळ्यात जास्त चर्चा झाली, तोच घेते. चेहऱ्यात घ्यायची इंजेक्शनं, म्हणजे फिलर. एकीने विचारलं, "शहरात एक पार्लरवाली सुई न टोचता गाल भरून देते म्हणे, घेऊ का?" दुसरीने लिहिलं, "या वयात हे शोभतं का गं?" पहिला प्रश्न जिवाशी येणारा आहे आणि दुसरा मनाला लागणारा. दोन्हींची उत्तरं मला द्यायची आहेत. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. पण कुठलीही वस्तू वापरण्याआधी ती कशी चालते आणि बिघडली तर काय होतं, हे विचारायची आमच्या धंद्याची सवय आहे. त्या सवयीने वाचलं, त्वचारोगतज्ज्ञांना विचारलं, ते सांगते.

आधी चेहरा उतरतो का, ते बघू. आपल्याला वाटतं फक्त कातडी सैल पडते. तसं नाही. कातडीखालच्या चरबीच्या गाद्या पातळ होतात, जागेवरून खाली सरकतात, आणि जबड्याचं हाडही थोडं झिजतं. तंबू तोच, पण आतल्या काठ्या आखूड झाल्या की कापड लोंबणारच. दात गेले की गाल आत जातात. आपल्याकडे मिश्री आणि तंबाखूने हिरड्या-दात लवकर जातात, त्याचा हिशेब चेहऱ्यावरच निघतो.

दुसरं कारण आपलं ऊन. २०१२ साली एका प्रसिद्ध अमेरिकन वैद्यकीय साप्ताहिकात ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला. त्याने २८ वर्षं गाडी चालवली. खिडकीकडची, म्हणजे त्यांच्याकडे डावी, बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली आणि दुसरी बाजू त्यामानाने कितीतरी तरुण. माणूस एकच, वय एकच, फरक फक्त काचेतून येणाऱ्या उन्हाचा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. आपल्या बॅचमध्ये एसटीत आणि ट्रकवर असलेले मित्र आहेत, त्यांनी आज घरी आरशात उजवा गाल नीट बघावा. शेतात राबणाऱ्या मैत्रिणींचे तर दोन्ही गाल उन्हातच असतात.

आता फिलर म्हणजे काय? बोटॉक्स वेगळं, फिलर वेगळं. बोटॉक्स स्नायू काही महिने सैल करतं, ते कपाळाच्या आठ्यांसाठी. फिलर म्हणजे जिथली जागा रिकामी झाली तिथे भरायचं जेल. नाकापासून ओठापर्यंतची घडी, खपाटीला गेलेले गाल, ओठ, हनुवटी. सगळ्यात जास्त वापरलं जातं ते हायलुरॉनिक ॲसिडचं. नावात ॲसिड आहे म्हणून घाबरू नका, ते आपल्या कातडीत, सांध्यात, डोळ्यात मुळातच असतं आणि पाणी धरून ठेवतं. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते पहिल्यांदा गायीच्या डोळ्यातून वेगळं केलं. आता ते जिवाणूंकडून आंबवून तयार करतात. नुसतं टोचलं तर शरीर ते लवकर पचवतं, म्हणून त्याचे धागे रसायनाने एकमेकांत गुंफतात. मग ते साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. एका सिरिंजमध्ये बहुधा एक मिलिलिटर असतं, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. त्यासाठी मोठ्या शहरात पाच आकडी रक्कम मोजावी लागते, आणि परिणाम ओसरला की पुन्हा मोजावी लागते. हा खर्च एकदाचा नाही, हप्त्याचा आहे, हे आधीच ध्यानात घ्या.

माणसाने याआधीही बरंच काही टोचून पाहिलं आहे. १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या एका डॉक्टरने पॅराफिन, म्हणजे मेण, टोचायला सुरुवात केली. पुढे लोकांच्या चेहऱ्यात त्याच्या कडक गाठी झाल्या आणि त्या काढता येईनात. त्यानंतर पातळ सिलिकॉन आलं, त्यानेही तेच केलं. १९८१ मध्ये अमेरिकेत गायीच्या कोलॅजनला परवानगी मिळाली, पण काहींना त्याची ॲलर्जी यायची. हायलुरॉनिक ॲसिडचा मोठा गुण असा, की ते विरघळवणारं औषध आहे. हायलुरोनिडेज नावाचं एंझाइम टोचलं की ते मोडून जातं. आमच्या कामात म्हणतात, जे परत फिरवता येत नाही ते शुक्रवारी संध्याकाळी करू नका. चेहऱ्याच्या बाबतीत तर मी म्हणेन, जे परत फिरवता येत नाही ते करूच नका.

पण धोका आहे, आणि तो स्पष्ट सांगते. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर पुढचा रक्तपुरवठा बंद पडतो. कातडी पांढरी किंवा जाळीदार निळसर होते, जोरात दुखतं, वेळेत उपचार झाले नाहीत तर तो भाग मरतो. नाक आणि भुवयांच्या मधल्या भागातल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांना जोडलेल्या असतात. तिथे चूक झाली तर दृष्टी जाऊ शकते आणि ती बहुतेक वेळा परत येत नाही. हे क्वचित होतं, पण होतं. म्हणून टोचणाऱ्याला चेहऱ्याची शरीररचना पाठ हवी आणि विरघळवण्याचं औषध त्याच खोलीत हवं.

आता त्या "बिनसुईच्या" प्रश्नाचं उत्तर. त्याला हायलुरॉन पेन म्हणतात. ते दाबाने जेल कातडीत घुसवतं. किती खोल आणि कुठे गेलं यावर कुणाचाही ताबा नसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये लोकांना ते वापरू नका असा इशारा दिला. तेव्हा माझ्या मैत्रिणींनो, पार्लरमध्ये भुवया करा, मेंदी काढा, फेशियल करा. गाल भरून घेऊ नका.

घ्यायचंच असेल तर पाच गोष्टी विचारा. डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहेत का? पाकीट माझ्यासमोर फोडणार का आणि त्यावरचं नाव, बॅच नंबर, मुदत मला लिहून देणार का? विरघळवण्याचं औषध इथे आहे का? रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार? आणि मला याची खरंच गरज आहे का, असं तुम्हाला वाटतं? शेवटच्या प्रश्नाला जो डॉक्टर कधीतरी "नाही" म्हणतो, तो पक्का. आपण गोरोबाकाकांच्या तेरच्या जिल्ह्यातले. मडकं कच्चं की पक्कं हे थापटून बघायला आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता दुसरा प्रश्न, शोभतं का?

चेहरा सुधारून घेणं हा शहरी श्रीमंतांचा चोचला आहे असं आपण सहज म्हणतो. पण ही गोष्ट आपल्या मातीतलीच आहे. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा एक मराठा बैलगाडीवान १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं. वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्याच कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकिकत छापून आली. ती वाचून तिथल्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली, आणि युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीला नवी वाट मिळाली. कावसजीचं नाव इतिहासात राहिलं, त्या कारागिराचं कुणी लिहून ठेवलं नाही.

पुढे डॉ. नोशीर अंतिया इंग्लंडहून प्लास्टिक सर्जरी शिकून आले आणि पुण्याच्या कोंढव्यात कुष्ठरुग्णांच्या चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया करू लागले. रोग बरा झाला तरी बसकं नाक, गेलेल्या भुवया आणि सैल पडलेली कातडी गावाला सगळं सांगत राहायची. माणसाला औषधाने बरं करून भागत नव्हतं, त्याला घरी परत जाता येईल असा चेहराही द्यावा लागत होता. एचआयव्हीच्या जुन्या औषधांपैकी स्टॅव्ह्युडिननेही असेच गाल खोल जायचे. अमेरिकेत २००४ मध्ये एका फिलरला परवानगी मिळाली ती याच गालांसाठी. आपल्याकडे सरकारी मोफत औषधं त्याच वर्षी सुरू झाली आणि त्यांत स्टॅव्ह्युडिनही होतं. पुढे ते बंद झालं. पण तोवर किती जणांचं दुखणं त्यांच्या गालांनीच चारचौघांत सांगितलं असेल, याचा विचार करा.

म्हणून कुणी चेहऱ्यासाठी काही केलं तर तिला हसू नका. भाजलेल्या, अपघातात सापडलेल्या, आजारातून उठलेल्या माणसाला त्याची गरज असते. आणि कुणाला नुसतंच छान दिसावंसं वाटलं, स्वतःच्या कमाईचे पैसे असले आणि धोका समजून घेतलेला असला, तर तेही ठीक आहे. फक्त मेळाव्याच्या फोटोसाठी, नवरा काही बोलला म्हणून, किंवा कर्ज काढून कुणी करू नका.

आणि जिला काहीच करायचं नाही, तिनेही मान खाली घालू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपण आठवीत होतो. त्या दिवसानंतर लोहारा-उमरग्याकडून आलेल्या आपल्या वर्गमित्रांचे चेहरे एका रात्रीत मोठे झालेले आपण पाहिले. त्या चेहऱ्यांनी पुढे घरं उभी केली, शेती सावरली, मुलं शिकवली. त्यातले कितीतरी चेहरे आज या मंडपात आहेत. त्यांच्यावरच्या रेषांची लाज वाटावी असं काहीही नाही.

स्वस्तातलं औषध मात्र आपल्या सगळ्यांनाच लागू आहे. टोपी, पदर, ओढणी, जमलं तर सनस्क्रीन, तंबाखू-मिश्री बंद, आणि वर्षातून एकदा दातांचे डॉक्टर. यातलं एक जरी आजपासून सुरू केलंत, तरी माझी ही दहा मिनिटं सार्थकी लागली असं मी समजेन.