भिंत पाडावी की सावरावी?

(आष्टी येथील सभेत केलेले भाषण)



आपल्या अभ्यासिकेची मागची भिंत फुगली आहे. मागच्या बैठकीत ‘पाडून टाका, नवीन बांधू’ असा सूर निघाला. मी बँकेतला कारकून, इंजिनिअर नव्हे. पण नव्या बांधकामाला पैसा जमेपर्यंत मुलांनी बसायचे कुठे? म्हणून दोन शब्द बोलतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे ८ हजार माणसे गेली. तेव्हापासून मराठवाड्यात दगडी घर म्हटले की माणूस दचकतो. खरे तर दोष दगडाचा नव्हता. भिंत दोन-अडीच फूट रुंद दिसे, पण त्या होत्या दोन वेगळ्या भिंती; मध्ये माती आणि चिपा. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगडच नसे. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. शिवाय वर माळवद! पावसाळ्याआधी आपण पांढऱ्या मातीचा नवा थर घालतो, जुना काढत नाही. हिशेब करा. एक फूट जाडीची माती चौरस फुटाला ४५ किलोच्या घरात जाते. १० बाय १० च्या खोलीवर ४,५०० किलो. आणि त्याखाली आपण निजतो.

नव्या जागी वसलेली सुमारे ५० गावे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु १३ जिल्ह्यांत सुमारे २ लाख घरांचे काम जागच्या जागी हाती घेतले गेले, त्याची चर्चा फारशी झाली नाही. महिला मंडळांतील भगिनी ‘संवाद सहायक’ म्हणून घरोघर जाऊन ते समजावीत. शिकलेल्यांनी हे काम त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

रीत साधी आहे. भिंतीतून आरपार भोक पाडायचे, त्यात टोके वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे. दारांच्या वर आणि माळवदाखाली आतून-बाहेरून जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा द्यायचा. वरची माती कमी करायची. फुगलेला भाग तेवढा उतरवून पुन्हा रचायचा. रचताना दर दोन फूट उंचीवर आरपार दगड, आडवे अंतर चार फुटांच्या आत. गवंडी घाई करतो, म्हणून तिथे आपला एक माणूस उभा हवा.

रविवारी इंजिनिअर साहेब येणार आहेत. तुळयांना टेकू लावून, त्यांच्यासमोर भिंतीचे चार दगड काढू आणि आत काय आहे ते पाहू. पाडायचे की नाही, ते त्यानंतर ठरवू. मुलांनी सकाळी आठला घमेली घेऊन यावे.